सहवैमानिकाची हाक : विमान-सुरक्षेच्या इतिहासाचा एक अभ्यास

दिनांक २२ मे २०१० रोजी सकाळी सहाच्या सुमारास दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या विमानतळावर उतरताना धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. विमानात १६६ माणसे होती. त्यांपैकी १५८ मृत्युमुखी पडली. ती बहुतेक आखातात कष्ट करून सुट्टीवर घरी येणारी माणसे व त्यांची कुटुंबे होती. हवा शांत होती, धावपट्टी दिसत होती, विमानात कोणताही यांत्रिक दोष आढळला नाही. केंद्र सरकारने नेमलेल्या चौकशी न्यायालयाचे प्रमुख भारतीय वायुसेनेचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले हे होते. त्यांच्या अहवालात अपघाताचे थेट कारण नोंदवले आहे ते असे, की अवतरण बिघडलेले असतानाही कॅप्टनने ते सोडून दिले नाही. सहवैमानिकाने तीन वेळा ‘गो अराउंड’ अशी हाक देऊनही आणि यंत्राने वारंवार धोक्याची सूचना देऊनही त्यांनी उतरण्याचा आग्रह चालू ठेवला.

‘गो अराउंड’ याचा अर्थ : उतरणे सोडा, वर चला, एक फेरी घेऊन नव्याने या. विमानाच्या दृष्टीने ही अगदी साधी गोष्ट आहे. इंजिनांची शक्ती वाढवावी, नाक वर उचलावे, चाके आत घ्यावीत. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करावा. तीन वेळा उच्चारलेले हे दोन शब्द त्या दिवशी मानले गेले असते, तर १५८ माणसे घरी पोहोचली असती.

शाळेच्या स्मरणिकेत विमानाचा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचक करतील. मिरजेला विमानतळ नाही. जवळचा म्हणावा तो कोल्हापूरचा, उजळाईवाडीचा. परंतु मिरज हे इस्पितळांचे आणि रेल्वे जंक्शनचे गाव आहे. आमचे कितीतरी माजी विद्यार्थी आज परिचारिका आहेत, शस्त्रक्रियागृहात सहायक आहेत, रेल्वेत आहेत, एस.टी.त आहेत, कारखान्यात पाळीवर आहेत. त्यांच्या कामात वरचा अधिकारी आणि खालचा कर्मचारी यांच्यामध्ये दोन-चार सेकंदांचे एक अंतर असते, आणि त्या अंतरात कोणाचा तरी जीव असतो. हे अंतर कसे मोजावे व कसे भरून काढावे याचा सर्वांत बारकाईने अभ्यास विमानवाहतुकीने केला आहे. तोही फार मोठी किंमत मोजून. इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांला या विषयात रस वाटतो तो यासाठी, की येथे अधिकाराचा आणि आज्ञापालनाचा दस्तऐवज अक्षरशः सेकंदासेकंदाने ध्वनिमुद्रित झालेला आहे. असे साधन इतिहासकाराला क्वचितच लाभते.

प्रथम उतरण्याची क्रिया समजून घेऊ. विमान धावपट्टीकडे साधारण तीन अंशांच्या उतारावरून येते. म्हणजे प्रत्येक सागरी मैलामागे सुमारे ३०० फूट खाली. दोन वैमानिकांपैकी एक विमान चालवतो, दुसरा त्याच्यावर आणि यंत्रांवर लक्ष ठेवतो. कोणी कोणते काम करायचे हे प्रत्येक उड्डाणागणिक ठरते. कॅप्टन नेहमीच चालवतो असे नाही. जमिनीपासून १००० फुटांवर, आणि दृश्यमानता चांगली असल्यास ५०० फुटांवर, विमान ‘स्थिर’ असले पाहिजे. वेग ठरलेला, उतार ठरलेला, चाके व पंखांवरील फळ्या योग्य स्थितीत, खाली येण्याची गती मिनिटाला १००० फुटांहून अधिक नाही. यांपैकी एकही गोष्ट जुळत नसेल तर उतरायचे नाही. येथे कौशल्य दाखवायला जागाच ठेवलेली नाही. हा नियम आहे.

मंगळूरला हे विमान योग्य उंचीच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर होते. तेथील रडार त्या दिवसांत बंद असल्यामुळे खाली येण्याची परवानगी विमानतळाच्या नेहमीपेक्षा जवळ आल्यावर मिळाली होती. उरलेले अंतर थोडे आणि उंची फार. ती उतरवण्यासाठी विमान एका क्षणी मिनिटाला सुमारे ४००० फूट वेगाने खाली येत होते. ८०३३ फूट लांबीच्या धावपट्टीवर चाके टेकली ती ५२०० फूट ओलांडल्यावर. त्याआधीची एक नोंद अहवालात आहे आणि ती वाचताना अंगावर काटा येतो. ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या सुमारे एक तास चाळीस मिनिटांत दोन वैमानिकांमध्ये संभाषण नाही. अधूनमधून घोरण्याचा आवाज आहे. कॅप्टन झोपलेले होते आणि अवतरणाच्या वेळी त्यांचे मन पूर्ण जागे झालेले नसावे, असा निष्कर्ष चौकशीत निघाला.

आता सहवैमानिकाकडे पाहू. त्यांना उड्डाणाचा साडेतीन हजारांहून अधिक तासांचा अनुभव होता. ते नवशिके नव्हते. त्यांनी धोका ओळखला. त्यांनी तो बोलूनही दाखवला. मग त्यांनी नियंत्रण हाती का घेतले नाही? गोखले यांच्या अहवालाने याचे उत्तर त्यांच्या स्वभावात शोधले नाही, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. सहवैमानिकाने स्वतः ‘गो अराउंड’ करावे की नाही याविषयीच्या सूचनांमध्येच संदिग्धता होती, आणि बहुधा त्यामुळे त्यांनी हाका दिल्या पण दांडा हातात घेतला नाही, असे अहवाल सांगतो. बोलण्याचा अधिकार दिला होता, कृतीचा अधिकार धूसर ठेवला होता. आमच्या समाजातील वाचकांना कागदावरचा अधिकार आणि हातातला अधिकार यांतील फरक निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

हा प्रश्न जगाला मंगळूरने प्रथम शिकवला असे नाही. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफे बेटावर धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे ना, अशी शंका डच विमानातील अभियंत्याने उड्डाणाच्या ऐन क्षणी विचारली होती; कॅप्टनने ती ठामपणे उडवून लावली. पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, अमेरिकेत पोर्टलंड येथे युनायटेड कंपनीचे विमान इंधन संपून उपनगरात कोसळले. चाकांच्या बिघाडात गुंतलेले कॅप्टन विमानतळाभोवती सुमारे तासभर घिरट्या घालत होते. इंधन कमी होत असल्याचे सहकारी सांगत होते, पण त्यांच्या सांगण्यात निकड नव्हती. दहा माणसे दगावली. या अपघातांनंतर १९७९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने एक कार्यशाळा घेतली, आणि १९८१ मध्ये युनायटेडने आपल्या वैमानिकांना परस्पर-संवादाचे शिक्षण देणे सुरू केले. त्यालाच पुढे ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ हे नाव रूढ झाले. वैमानिक, सहवैमानिक, अभियंता, हवाई सेविका, जमिनीवरचा नियंत्रक यांच्यापैकी ज्याच्याकडे जी माहिती असेल ती कॅप्टनपर्यंत पोहोचलीच पाहिजे, हे त्याचे सूत्र. आरंभी अनेक ज्येष्ठ वैमानिकांनी त्याची थट्टा केली. १९ जुलै १९८९ रोजी त्याच कंपनीचे एक विमान सर्व नियंत्रण-यंत्रणा निकामी झालेली असताना सू सिटी येथे उतरवण्यात आले. ११२ जण गेले, पण १८४ वाचले. कॅप्टन अल हेन्स यांनी त्याचे श्रेय या शिक्षणाला दिले. प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकालाही त्यांनी कॉकपिटमध्ये बोलावून घेतले होते. त्यानंतर थट्टा थांबली.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९७८ ते १९९० या काळातील, वैमानिकांच्या चुकीने घडलेले ३७ मोठे अपघात त्यात तपासले होते. त्यांपैकी ३१ अपघातांत एकाची चूक दुसऱ्याने वेळीच हेरून रोखली नव्हती. आणि पाचांपैकी चारांहून अधिक अपघातांत विमान चालवत होता तो कॅप्टन. कॅप्टन अधिक वाईट चालवतो असा याचा अर्थ होत नाही. सहवैमानिक चालवतो तेव्हा त्याची चूक कॅप्टन सहज, न अडखळता दुरुस्त करतो. कॅप्टन चालवतो तेव्हा उलट दिशेने दुरुस्ती होत नाही. पाणी वरून खाली वाहते. खालून वर चढवायला पंप लागतो.

कोरियन एअरचे एक विमान ६ ऑगस्ट १९९७ रोजी ग्वाम बेटावर उतरताना टेकडीवर आदळले, तेव्हा सव्वादोनशेहून अधिक माणसे मेली. सहवैमानिक व अभियंता यांनी कॅप्टनवर परिणामकारक लक्ष ठेवले नाही, हेही एक कारण नोंदले गेले. तेव्हापासून ‘पूर्वेकडील लोकांची वडीलधाऱ्यांना न दुखावण्याची संस्कृती’ हे स्पष्टीकरण फार लोकप्रिय झाले आहे. आम्हांला ते अपुरे वाटते. पोर्टलंडचे सर्व वैमानिक अमेरिकन होते, तेनेरिफेचे डच. मंगळूरचे कॅप्टन सर्बियाचे होते. संस्कृतीवर खापर फोडले की संस्था सुटतात, ही इतिहासातली जुनी सोय आहे.

मंगळूरनंतर दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, हीच कहाणी कोझिकोड येथे पुन्हा घडली. करोनाच्या टाळेबंदीत परदेशी अडकलेल्यांना परत आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेतील ते विमान होते. विमानात १९० माणसे होती. कॅप्टन दीपक साठे हे वायुसेनेतून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले, वायुसेना अकादमीत मानाची तलवार मिळवलेले, चाचणी-वैमानिक राहिलेले अत्यंत कर्तबगार अधिकारी. त्यांचे वयोवृद्ध आईवडील नागपूरला राहत. अपघाताची वार्ता आली तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला.

संध्याकाळी पाऊस पडत होता. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा, काचेवरचे पाणी पुसणारा वायपर बंद पडला आणि त्यांनी नियमाप्रमाणे विमान वर नेले. दुसऱ्या प्रयत्नासाठी विरुद्ध दिशेची धावपट्टी घेतली. तेथे वारा पाठीमागून होता. विमान स्थिर नव्हते. सहवैमानिक अखिलेश कुमार यांनी खाली येण्याच्या वाढलेल्या गतीकडे कॅप्टनचे लक्ष वेधले. विमान धावपट्टीवर तरंगत पुढे जाऊ लागले तेव्हा त्यांनी ‘गो अराउंड’ म्हटले. चाके टेकली ती ८८५८ फुटांपैकी ४४३८ फूट ओलांडल्यावर. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. विमान अपघात अन्वेषण विभागाचा अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये आला. अस्थिर अवतरण चालू ठेवणे आणि हाक दुर्लक्षिणे ही कॅप्टनची चूक, व नियंत्रण हाती घेऊन विमान वर न नेणे ही सहवैमानिकाची चूक, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. त्याचबरोबर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कॅप्टनना कोझिकोडहून पुढचे विमान न्यायचे होते आणि त्या तळावर कॅप्टनांची संख्या अपुरी होती, याचीही नोंद आहे. ‘आज येथेच उतरले पाहिजे’ हा दबाव त्यांच्या मनात कोणी घातला, हे यावरून समजते.

कॅप्टन साठे यांच्याविषयीचा आदर आणि अहवालातील निष्कर्ष या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. कर्तबगार माणसाची चूक सांगणे म्हणजे त्याचा अवमान करणे, अशी समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे. वास्तविक कर्तबगार माणसालाच रोखणारा कोणी उरत नाही, आणि तोच त्याला खरा धोका असतो.

फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासानुसार अस्थिर अवतरणांपैकी सुमारे ९७ टक्के वेळा वैमानिक वर न जाता उतरतातच. बहुतेक वेळा काही घडत नाही. काही घडले नाही म्हणून पुढच्या वेळी नियम आणखी थोडा सैल होतो.

भाषेकडे वळू. वैमानिकांना आज आपला आक्षेप पायऱ्यापायऱ्यांनी कठोर करत नेण्याचे शिक्षण मिळते. कॉकपिटची भाषा इंग्रजी असली तरी आम्ही नववीच्या वर्गात या पायऱ्या मराठीत करून पाहतो. पहिली पायरी विचारण्याची : ‘साहेब, वेग बरोबर आहे ना?’ दुसरी सांगण्याची : ‘साहेब, वेग ठरल्यापेक्षा वीसने जास्त आहे.’ तिसरी हाक देण्याची : ‘साहेब, वर चला.’ चौथी कृतीची : ‘नियंत्रण माझ्याकडे’, आणि हात दांड्यावर. अनेक कंपन्यांत दोन हाकांचा नियम आहे. दोनदा हाक देऊनही योग्य प्रतिसाद आला नाही, तर समोरचा माणूस कितीही ज्येष्ठ असो, तो त्या क्षणी अक्षम झाला आहे असे समजून विमान ताब्यात घ्यायचे.

मराठीत पहिल्या पायरीवरच रेंगाळण्याची सोय फार आहे. ‘जरा’, ‘बहुधा’, ‘नाही का’, ‘आपल्याला काय वाटते’, ‘मी आपलं सांगितलं’ हे शब्द वाक्याचे टोक बोथट करतात. घरात, पाहुण्यांत ते गोड लागतात. विमान सेकंदाला दोनशेहून अधिक फूट पुढे जात असताना त्यांना जागा नसते. मुलांना वाटते की स्पष्ट बोलायचे म्हणजे उद्धट बोलायचे. ‘साहेब, वर चला’ या वाक्यात आदरार्थी रूप तसेच्या तसे आहे. त्यात नाही तो फक्त ‘जरा’.

मिरज जंक्शनवर वडील, काका, मामा रेल्वेत असलेली मुले हे चटकन ओळखतात. इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात. एकाने ‘पिवळा’ म्हटले की दुसऱ्याने पाहून पुन्हा ‘पिवळा’ म्हणायचे. समोरच्याला दिसत असेलच, मी कशाला सांगू, असा संकोच तेथे नियमानेच काढून टाकला आहे.

इस्पितळांनी हे विमानांकडून शिकून घेतले. यातला एक महत्त्वाचा दुवा महाराष्ट्राचा आहे. बोस्टनचे शल्यविशारद अतुल गवांदे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड भागातल्या उटी गावचे. जागतिक आरोग्य संघटनेसाठी शस्त्रक्रियेची सुरक्षा-यादी तयार करताना गवांदे यांनी बोईंग कंपनीत वैमानिकांच्या याद्या कशा बनतात हे जाऊन पाहिले. २००९ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, दिल्लीसह जगातील आठ शहरांच्या इस्पितळांत ती यादी वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. त्या यादीत एक कलम आहे : चीर देण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे. वरवर पाहता ही औपचारिकता वाटते. पण ज्या परिचारिकेने एकदा तोंड उघडले आहे, ती पुढे काही चुकताना दिसले तर पुन्हा तोंड उघडण्याची शक्यता वाढते. जॉन्स हॉपकिन्स इस्पितळातील डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी तर डॉक्टरने जंतुसंसर्ग टाळण्याची एखादी पायरी गाळली, तर त्याला थांबवण्याचा अधिकार परिचारिकांना दिला, आणि व्यवस्थापन परिचारिकेच्या पाठीशी उभे राहील असे आधीच जाहीर करवून घेतले. मंगळूरला जे धूसर होते ते येथे लेखी झाले. डॉ. वॉन्लेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेत ज्या शस्त्रक्रियांचा पाया घातला, त्या गावातील आमच्या परिचारिका-भगिनींनी आपापल्या ठिकाणी हे कलम पाळले जाते का, ते पाहावे.

हाक देणाऱ्याच्या धैर्याविषयी पुष्कळ बोलले जाते. ऐकणाऱ्याच्या कर्तव्याविषयी कमी. उड्डाणापूर्वीच्या चर्चेत ‘मी चुकतो आहे असे वाटले तर लगेच सांगा’ हे वाक्य कॅप्टनने स्वतः उच्चारायचे असते. या ठिकाणी आम्हांला भिक्खुसंघातील पवारणेची आठवण होते. वर्षावासाच्या अखेरीस, आश्विन पौर्णिमेला, प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करतो की माझा दोष आपण पाहिला असेल, ऐकला असेल किंवा त्याची शंका आली असेल, तर मला सांगावे. ही विनंती सर्वांत ज्येष्ठ भिक्खूपासून सुरू होते. नवदीक्षिताची पाळी शेवटी येते. आधी थोराने मागायचे, मग लहानाने सांगायचे, हा क्रम ज्यांनी घालून दिला त्यांना माणसाच्या मनातला संकोच नीट ठाऊक होता.

वर्गातील अभ्यासात दोन मुले पुढच्या बाकावर शेजारी बसतात. एक कॅप्टन, दुसरा सहवैमानिक. बाकीची मुले वेग व उंचीचे आकडे वाचतात. सहवैमानिकाची भूमिका मुले दोन-तीन प्रयत्नांत शिकतात; मुली तर अधिक लवकर. कठीण जाते ती कॅप्टनची. ‘वर चला’ ऐकताच कॅप्टनने ‘वर जात आहे’ एवढेच म्हणायचे असते. ‘थांब, जमेल’, ‘तुला काय कळतं’, ‘का?’ यांपैकी काहीही म्हणायला परवानगी नाही. कारण नंतर जमिनीवर विचारायचे. जवळजवळ प्रत्येक वर्षी कोणी तरी विचारते : सर, सहवैमानिकाची हाक चुकीची असली तर? मग आम्ही फळ्यावर हिशेब मांडतो. एक फेरी, पंधरा मिनिटे, थोडे इंधन, आणि घरी पोहोचायला उशीर झाल्यामुळे वैतागलेले प्रवासी.